चॅनल चौदावरचा आवाज

सुट्टीवर घरी आलो की एक प्रश्न ठरलेला असतो: "आतापर्यंत किती देश पाहिलेस?" मी आकडा सांगतो, ऐकणारा खूश होतो आणि मला उगाच चोरट्यासारखं वाटतं. कंटेनर जहाज बंदराला लागतं आणि बऱ्याचदा दिवसाच्या आत सुटतंही. तेवढ्यात कार्गो वॉच, कागदपत्रं, जहाजावर येणारं सामान मोजून घेणं, आणि वेळ उरलाच तर झोप. कित्येक देशांच्या जमिनीला माझा बूट लागलेला नाही. त्यांचे आवाज मात्र मी ओळखतो.

कुठल्याही गजबजलेल्या सामुद्रधुनीत किंवा बंदराच्या तोंडाशी पोचलं की किनारा दिसायच्या आधी रेडिओ बोलायला लागतो. जहाजाचं नाव, कॉल साइन, कुठून आलात, कुठे निघालात, ड्राफ्ट (म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय) किती, धोकादायक माल आहे का, जहाजावर माणसं किती. हा शेवटचा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला बरं वाटलं होतं, परक्या देशात कोणीतरी आपली मोजदाद ठेवतंय म्हणून. सीनियर हसला. "अरे, बुडालो तर किती जणांना शोधायचं ते कळावं म्हणून विचारतात."

हा आवाज ज्यांचा, त्या व्यवस्थेला व्हेसल ट्रॅफिक सर्व्हिस म्हणतात. आम्ही नुसतं व्हीटीएस म्हणतो. किनाऱ्यावरच्या एका खोलीत ऑपरेटर बसलेले असतात. समोर रडार, कॅमेरे आणि एआयएसचा पडदा. एआयएस म्हणजे प्रत्येक मोठ्या जहाजावरचं ते यंत्र, जे चालत्या जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा दर काही सेकंदांनी आपणहून सांगत राहतं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना ते २००४ पासून सक्तीचं झालं.

मी हे सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: "म्हणजे विमानतळाच्या टॉवरसारखं?" दिसायला तसंच, पण तसं नाही. टॉवर वैमानिकाला वळायला सांगतो, तो वळतो. व्हीटीएस सहसा "अमुक अंशावर सुकाणू ने" असं सांगत नाही. फार तर "जलमार्गात शिरू नका" एवढं सांगेल. ते कसं करायचं हे कॅप्टनने ठरवायचं. लादलेल्या अजस्र टँकरला पूर्ण वेगातून थांबायला दोन-तीन सागरी मैल लागतात. ते वजन, तो वारा, तो प्रवाह पायाखाली जाणवणारा माणूस ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या जागेवर असतो, किनाऱ्यावरच्या खोलीत नव्हे. जबाबदारीही ब्रिजवरच राहते.

मग त्या आवाजाचा उपयोग काय? मला तो एका रात्री कळला.

मी सेकंड ऑफिसर होतो. म्हणजे रात्री बारा ते चारची वॉच माझी. दक्षिण चीन समुद्राकडून आम्ही सिंगापूर सामुद्रधुनीत शिरलो होतो, पश्चिमेकडे तोंड. हॉर्सबर्गचा दीपस्तंभ मागे पडला. हा १८५१ सालचा दिवा. त्याच्याजवळून गेलं की मी अजूनही एकदा वळून बघतो. तिथे रेडिओच्या चॅनल दहावर हजेरी लावायची, पुढे मधल्या सेक्टरमध्ये चॅनल चौदा, आणि त्यानंतर पश्चिमेच्या टोकाला त्र्याहत्तर. या सामुद्रधुनीत रस्त्यासारख्या लेन आखलेल्या आहेत: पश्चिमेकडे जाणारे उत्तरेच्या लेनमध्ये, पूर्वेकडे जाणारे दक्षिणेच्या. गोम अशी, की सिंगापूरच्या नांगरतळावरून पूर्वेला निघालेल्या जहाजाला आधी आमची लेन आडवी ओलांडावी लागते.

दोन वाजून गेले असतील. पश्चिमेकडून 'सुमात्रा' आला. इथल्या झोडपणाऱ्या रात्रीच्या पावसाला खलाशांनी हेच नाव दिलंय. पाच मिनिटांत खिडक्यांवर नुसते पाण्याचे पडदे. रडारवर पावसाचा एक जाड ढग उमटला आणि त्यात बारीकसारीक ठिपके गडप झाले. अशा वेळी एआयएसचा आधार वाटतो, कारण त्याला पाऊस अडवत नाही. उजव्या हाताला, अडीच मैलांवर, एक टग, म्हणजे दुसरी जहाजं ओढणारी छोटी बोट, दिसत होता. दक्षिणेकडे, पाच नॉटच्या वेगाने, आमच्या वाटेत.

नियम सरळ आहे. समोरचं जहाज आपल्या उजवीकडून आडवं येत असेल तर बाजूला आपण व्हायचं. उजवीकडे वळून त्याच्या मागून जायचं. मी हिशेब केला आणि कॅप्टनना म्हणालो, "सर, मागून चारशे मीटर मिळतायत." गर्दीच्या सामुद्रधुनीत तेवढं अंतर फारसं सुखाचं नाही, पण लहानशा टगसाठी पुरेसं होतं. ते "ठीक आहे" म्हणाले. सुकाणूवरच्या खलाशाला ऑर्डर देणार, तेवढ्यात चॅनल चौदावर आमच्या जहाजाचं नाव ऐकू आलं.

"इन्फर्मेशन. तुमच्या उजवीकडच्या टगच्या मागे बार्ज आहे. टगपासून बार्जच्या टोकापर्यंत सहाशे मीटर. तुमचा इरादा काय आहे?"

चारशे आणि सहाशे. मी ज्या मोकळ्या पाण्यात जहाज घालणार होतो तिथे पोलादी दोर होता आणि त्याच्या टोकाला बार्ज, ओढून न्यायची बिनइंजिनाची मालवाहू नाव.

कॅप्टननी मला काही न बोलता इंजिन कमी केलं, रेडिओवर सांगितलं की वेग कमी करतोय, बार्ज पूर्ण निघून गेल्यावर मगच पुढे जाऊ, आणि सुकाणू उजवीकडे जरा जास्तच दिलं. दहा-बारा मिनिटांनी पाऊस विरळ झाला. तेव्हा ती दिसली. पाण्याला जवळजवळ टेकलेली, काळी, कडेला मिणमिणते दोन दिवे. त्या दिव्यांपेक्षा माझ्या रडारवरचा बटणाचा दिवा जास्त प्रखर असेल. बार्जवर एआयएस नव्हतं, आणि मागे काही ओढतोय हे टगने आपल्या एआयएसमध्ये भरलेलंच नव्हतं.

नंतर विचार करताना एक गोष्ट डोक्यात बसली. त्या ऑपरेटरचं रडार आमच्यापेक्षा काही दिव्य नव्हतं. पाऊस त्याच्याही पडद्यावर होता. पण टगने निघताना त्याला कळवलं होतं: बार्ज घेऊन निघतोय, लांबी इतकी, पूर्वेकडे जाणार. आमच्याकडे होता तो ठिपका. त्याच्याकडे ठिपक्यामागची हकीकत होती. जहाज आत्ता कुठे आहे हे यंत्र सांगतं. ते पुढे काय करणार आहे हे कोणीतरी विचारून ठेवावं लागतं. व्हीटीएस हे काम दिवसरात्र करतं. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ठरलेल्या रेडिओ-बोलीत वाक्याच्या आधी लावायचे जे शब्द आहेत, इन्फर्मेशन, वॉर्निंग, अॅडव्हाइस, इन्स्ट्रक्शन वगैरे, त्यांत इंटेन्शन हाही एक आहे.

किनाऱ्यावरून रडारने बघायची कल्पना युद्धानंतरची. १९४८ मध्ये लिव्हरपूल बंदराने धुक्यातही पायलटांना, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकारांना, रस्ता कळावा म्हणून रडार उभारलं. पण नुसत्या बंदरापुरतं पाहून भागत नाही हे जगाला डोव्हरने शिकवलं, आणि फार वाईट पद्धतीने. ११ जानेवारी १९७१ ला डोव्हरच्या सामुद्रधुनीत 'टेक्साको कॅरिबियन' या टँकरला 'पराकास' हे उलट्या दिशेने चाललेलं मालवाहू जहाज धडकलं. टँकर बुडाला. दुसऱ्याच दिवशी 'ब्रांडेनबर्ग' त्या बुडालेल्या सांगाड्यावर आपटून बुडालं. मग तिथे इशाऱ्याची जहाजं आणि दिव्यांचे तरंगते बोये ठेवले गेले. तरी फेब्रुवारीच्या शेवटी 'निकी' त्याच जागी गेलं आणि त्याच्यावरचा एकही माणूस वाचला नाही. दिवे होते, इशारे होते. चुकीच्या वाटेने येणाऱ्याला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. १९७२ मध्ये डोव्हरला ती माहितीसेवा सुरू झाली. लेन आखलेल्या होत्याच, पण त्या तेव्हा ऐच्छिक होत्या. पुढे त्या पाळणं बंधनकारक झालं.

आज तिथून दिवसाला चारशेहून जास्त जहाजं जातात, वर दोन देशांच्या मधल्या फेरीबोटी आडव्या. एका बाजूला डोव्हर, दुसऱ्या बाजूला फ्रान्सचं ग्री-ने, दोघं वाटून घेतात. डोव्हरचा ऑपरेटर ठरल्या वेळी दृश्यमानता, बिघडलेले बोये आणि लेनमध्ये उलट्या दिशेने चाललेलं एखादं जहाज हे सगळं अशा एकसुरी आवाजात वाचतो, की शेवटची बातमी कानावरून निसटूच शकते. मी पेन्सिल हातात घेऊनच ऐकतो.

पण हा आवाज देवाचा नव्हे. ७ नोव्हेंबर २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या दाट धुक्यात 'कोस्को बुसान' पुलाच्या खांबाच्या रोखाने चाललं होतं. व्हीटीएसच्या लक्षात ते आलं होतं. त्यांनी पायलटला दिशा सांगून इरादा विचारलाही. पायलटने ठरल्या कमानीतूनच जाणार म्हणून सांगितलं. ऑपरेटरने ते ऐकून घेतलं, पुढे ताणलं नाही. जहाज खांबाच्या पायाला घासलं आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन खाडीत गेलं. 'तुमचा इरादा काय' हा प्रश्न मलाही विचारला गेला होता, त्या पायलटलाही. मला त्याच्या आधी एक ठोस माहिती मिळाली होती, एवढाच फरक. विचारण्यापेक्षा सांगण्याची वेळ कधी येते, हे ओळखणं या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम असावं.

आणि जिथे आवाजच नसतो तिथे? एप्रिल २०१० मध्ये कोळसा भरून निघालेलं 'शेन नेंग १' ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये डग्लस शोल या उथळ जागेवर चढलं. चौकशीत निघालं, की वॉचवरच्या चीफ मेटला, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालच्या अधिकाऱ्याला, आधीच्या साडेअडतीस तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती. दिशा बदलायची जागा आली आणि गेली. रीफवर व्हीटीएस २००४ पासून होतं, पण त्याची हद्द तिथपर्यंत पोचत नव्हती. २०११ मध्ये ती दक्षिणेकडे वाढवली. हा अहवाल मी वाचला तेव्हा मला पहिल्यांदा त्या मेटची दया आली, मग भीती वाटली. तशा डोळ्यांनी मीही उभा राहिलो आहे.

सुरक्षिततेबद्दल सगळेच बोलतात. वाट बघण्याबद्दल फक्त आम्ही बोलतो. वर्षानुवर्षं आमचा धंदा असा चालला: पूर्ण वेगाने धावायचं, बंदराबाहेर पोचायचं, नांगर टाकायचा आणि धक्का रिकामा व्हायची दोन-दोन दिवस वाट बघत बसायचं. वेडेपणा आहे हा. वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर इंजिनाला लागणारी ताकद साधारण सत्तावीस टक्क्यांनी उतरते. प्रवास लांबतो हे धरलं तरी इंधनात पाचवा हिस्सा वाचतो. आता काही बंदरं दूरवरूनच कळवतात, अमुक वेळेच्या आधी येऊ नका. पायलट, टग, धक्का आणि व्हीटीएस एकच वेळापत्रक बघत असतील तरच हे जमतं. कोणी एक जरी जुन्या वेळेवर अडला, की आम्ही पुन्हा नांगर टाकून मासे मोजत बसतो.

बॉस्फरसमध्ये तर वेळापत्रकाशिवाय गत्यंतरच नाही. सुमारे ३१ किलोमीटर लांबीचा तो वळणावळणाचा जलमार्ग एका ठिकाणी जेमतेम ७०० मीटर रुंद आहे, आणि दोन्ही काठांवर इस्तंबूल. मोठं जहाज आत घ्यायचं तर समोरची वाहतूक थांबवतात. दृश्यमानता एका मैलाखाली गेली की एकेरी, अर्ध्या मैलाखाली गेली की बंद. धुक्यात बाहेर तिष्ठत असताना शिव्या देतो आम्ही, पण आत शिरल्यावर समोरून कोणी येत नाही याचं सुख काय असतं ते तिथल्या वळणावर कळतं.

एकदा युरोपातल्या एका बंदरात आम्हाला व्हीटीएसची खोली आतून पाहायला मिळाली. मला वाटलं होतं फोन खणखणत असतील, आरडाओरडा असेल. वाचनालयासारखी शांतता होती. मंद उजेड, आणि प्रत्येक ऑपरेटर आपल्या पडद्यात बुडालेला. मी एकाला विचारलं, सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते? धुकं म्हणेल, वादळ म्हणेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "येस." आम्ही काही सांगितलं की काही जहाजांवरून नुसतं 'येस, येस' येतं. त्याला समजलं का, की फक्त बोलणं संपवायचंय? म्हणून तो आपलं वाक्य समोरच्याकडून पुन्हा म्हणवून घेतो. माणसं वैतागतात, त्याचा नाइलाज आहे.

मग त्याने आमचं जहाज दाखवलं. धक्क्याला लागलेला एक छोटा त्रिकोण. त्याने माउस त्यावर नेला आणि चौकट उघडली: नाव, लांबी, ड्राफ्ट, पुढचं बंदर. पुढच्या बंदराच्या जागी, आम्ही आत्ता जिथे उभे होतो त्याच बंदराचं नाव होतं. आम्हाला इथे येऊन नऊ तास झाले होते आणि संध्याकाळी निघायचं होतं. ते बदलायचं काम सेकंड ऑफिसरचं. म्हणजे माझं.

तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. जहाजावर परतलो तो जेवायला न जाता आधी ब्रिजवर गेलो.