चुंबकाला चिकटणारे जिवाणू : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये सांडपाणी साफ करणारे जिवाणू चुंबकीय कणांवर वाढवायचे होते. ते कण विकतच आणणार होते. पण आपली गंगा, म्हणजे गोदावरी, काळ्या कातळातून येते आणि त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गोदाकाठच्या वाळूत काळ्या रेघा दिसतात. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून फिरवला, तर पिशवीवर सुरवंटासारखे काळे केस उभे राहिले. पिशवीतून चुंबक ओढला की कण वाटीत. (पिशवी विसरू नका, नुसत्या चुंबकावरून ते निघता निघत नाहीत.)

विरजण म्हणून सांडपाणी प्रकल्पाच्या एरेशन टँकमधला (हवा सोडायच्या टाकीतला) गाळ आणला. "बाटली गच्च भरू नका ताई, जिवंत आहे ते," असं तिथल्या ऑपरेटर दादांनी बजावलं.

पहिल्याच दिवशी चुकले. मिश्रण मॅग्नेटिक स्टररवर ठेवलं आणि सगळे कण ढवळणाऱ्या कांडीलाच जाऊन बसले! मग बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगली आणि तोंडाशी माशांच्या टाकीचा हवेचा पंप जोडला. मॅग्नेटाइट पाण्याच्या पाचपट जड असतं, त्यामुळे हवा खालूनच हवी. पण फार जोराची नको, नाहीतर कणांवर धरलेला जिवाणूंचा थर घासून निघतो.

खाद्य म्हणजे ग्लुकोज, युरिया, फॉस्फेट. बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) 100 असेल तर नायट्रोजन 5 आणि फॉस्फरस 1, या हिशेबाने.

खरं काम रोजच्या पाणी बदलण्यात आहे. बाटलीला बाहेरून चुंबक लावायचा, कण धरून ठेवायचे आणि वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं. मोकळे तरंगणारे जिवाणू त्याबरोबर जातात, कणाला चिकटलेलेच उरतात. गढूळ पाणी फेकताना जीव तुटायचा, मेहनतच ओतून देतोय असं वाटायचं. तरी फेकायचंच.

एका रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. सकाळी बाटलीला सडक्या अंड्यांचा वास. उरलेल्या कणांवर पुन्हा सुरुवात केली.

नव्याने सतराव्या दिवशी ग्लोव्हजमधूनही कण बुळबुळीत लागले. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर काळ्या कणाभोवती जांभळी, उंचसखल साय! मॅडमना बोलावून आणलं.

मग हॉस्टेलच्या मेसचं, तेल काढलेलं पाणी त्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी सीओडीच्या, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायच्या, नळ्या तापवल्या. आधीच्या पाण्याची नळी हिरवी पडली, म्हणजे घाण जास्त; नंतरच्या पाण्याची केशरीच राहिली, म्हणजे घाण कमी.