सहा थरांचा पाळणा

चूक माझी होती, मिस्त्रींची नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मिस्त्रींच्या हातात सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, त्यांनीच घोळ घातला.

मी नाशिकमध्ये घरांच्या आतली कामं घेते. फार मोठी नाहीत. किचनच्या ट्रॉल्या, वॉर्डरोब, देवघर, एखाद्या जुन्या दिवाणाला नवं रूप. गेल्या चार-पाच वर्षांत ‘बाळाची खोली’ हे एक नवंच काम यायला लागलंय. आपल्याकडे बाळाला वेगळी खोली कधी नव्हतीच. खोली असायची ती बाळंतिणीची, अंधारी, शेक-शेगडीच्या आणि धुरीच्या वासाची, आणि बाळ आईच्या कुशीत. आता फ्लॅटमधली दुसरी बेडरूम बाळाची होते. लोक मोबाईलवर फोटो दाखवतात. पांढऱ्या भिंती, ढगांचा वॉलपेपर, भिंतीवर लाकडी अक्षरांत नाव. नाव ठरलेलं नसतं, तरी अक्षरांपुरती जागा सोडायला सांगतात.

इंदिरानगरच्या या घरातली सून मात्र पहिल्याच भेटीत म्हणाली, “ताई, ढग नकोत. आमच्या घरातलं काहीतरी असू दे त्या खोलीत.” सातवा सरून आठवा लागला होता. माहेरी आई एकटी, त्यातून गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलेलं.

‘घरातलं काहीतरी’ म्हटल्यावर जे बाहेर निघालं, त्यानं माझी वहीची दोन पानं भरली. हे मूळचं भांडी बाजारातल्या वाड्यात राहणारं कुटुंब. आजेसासऱ्यांचं तांब्या-पितळेचं दुकान होतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, सराफ बाजार, भांडी बाजार सगळं पाण्यात गेलं, तेव्हा वाड्याच्या खालच्या खोल्या भिजल्या आणि मग मंडळी इकडे फ्लॅटवर आली. माळ्यावरचं तेवढं वाचलं. त्यात एक मठारलेलं घंगाळ होतं, आजीच्या सासूबाईंची दोन सुती नऊवारी होती, आणि पाळणा. सुनेच्या आईनं पाळण्यावर टांगायला स्वतः शिवलेलं चिमणाळं पाठवलं होतं, कापडी पोपट आणि मध्ये लाल मणी. सासरे, म्हणजे आमचे काका, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले. ते म्हणाले, “माझ्याकडून काही नाही. आयुष्यभर ज्याला हात लावला, ते गेटबाहेर आणता येत नाही.” यावर घरात सगळे दरवेळी हसतात, असं दिसलं.

घंगाळाचं सोपं होतं. आतून-बाहेरून साफ करून कपड्यांच्या टोपलीसारखं कोपऱ्यात ठेवलं. ते अजून तिथंच आहे. खिडकीतून ऊन आलं की मठारकामाच्या ठोक्या-ठोक्यावर एकेक ठिपका चमकतो. तसला दिवा मला विकत मिळाला नसता.

सगळ्यांचा जीव पाळण्यात होता. सागवानी, दोन्ही बाजूंना कातीव दांड्या, चार कोपऱ्यांना पितळी कड्या. वरून क्रीम रंगाचा तेलरंग, जागोजागी पोपडे सुटलेले. मला वाटलं, घासून खालचं लाकूड काढू, पॉलिश करू, फोटोत काय दिसेल! आजी चौऱ्याऐंशीच्या. त्यांची अट एकच होती. मूल हातात आल्याशिवाय पाळणा घरात टांगायचा नाही आणि रिकामा पाळणा हलवायचा नाही. “काम करायचं ते गॅलरीत करा. खोलीत आणू नका.” मला मनातून वैताग आला होता. पाऊस तोंडावर, गॅलरी साडेतीन फुटांची, तिथं मिस्त्री उभे राहणार कुठं आणि पाळणा ठेवणार कुठं?

मंगळवारची सकाळ होती. मिस्त्रींनी तोंडाला रुमाल बांधला आणि सँडर लावला. मी दारात उभी राहून ‘तो कोपरा राहिला, ती दांडी राहिली’ चालू ठेवलं. दहा-बारा मिनिटांत लाकूड डोकावायला लागलं. सून पोह्यांच्या बश्या घेऊन दारापाशी आली. मी तिच्या हातून बशी घ्यायला वळले, तेव्हा गॅलरीच्या दांडीवर वाळत घातलेली फडकी दिसली. आजोबांच्या जुन्या धोतरांची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. आजींनी लंगोटांसाठी फाडून ठेवली होती. पहिल्या दिवसांत बाळाला नवं कापड लावत नाहीत, त्यात खळ असते. सगळ्यात बाहेरच्या तीन फडक्यांवर पिठीसारखी बारीक भुकटी बसली होती. हिरवट. मध्येच शेंदरी.

त्या शेंदरी रंगानं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचंच ऑक्साइड. आणि जुने तेलरंग शिशावरच चालायचे, रंग लवकर वाळावा, टिकावा, उजळ दिसावा म्हणून. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको हा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरपासून. हा पाळणा त्याच्या कितीतरी आधीपासून रंगत आलेला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवा रंग घेताना मी डब्यावरचं वाचते, दुकानदाराशी वाद घालते. जुन्या रंगाच्या वेळी मात्र ते डोक्यातच आलं नाही, कारण समोर पाळणा होता, आणि पाळणा म्हटलं की माणूस भाबडा होतो.

“बंद करा,” मी ओरडले. मिस्त्रींना वाटलं बोट कापलं.

सुनेला आत पाठवलं, काचेचं दार लावून घेतलं, फटीला ओला टॉवेल लावला. शिशाची धूळ दिसते थोडी, उडते जास्त. गरोदर बाईच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोचतं. पुढं मूल रांगायला लागलं की जमिनीवरचा हात तोंडात जातो, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट ते लहान मुलाच्या अंगात मुरतं. मी झाडू मागणाऱ्या मिस्त्रींना थांबवलं. झाडलं की सगळं परत हवेत. पाण्याची बादली, साबण, जुनी फडकी. पुसायचं, फडकं पिशवीत टाकायचं, नवं घ्यायचं. ग्रिल, फरशी, कुंड्या, दांडी. दोन तास आम्ही दोघं तेच करत होतो. पोहे आतल्या टेबलावर गार झाले.

आणि मग आजींना सांगायचं होतं.

“तीन फडकी टाकून द्यावी लागतील,” मी म्हणाले. त्यांनी विचारलं, “धुऊन चालणार नाहीत?” मी म्हणाले, बाळाच्या अंगाला नको. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन राहिलेली फडकी मोजून आल्या. “सहा उरली,” एवढंच म्हणाल्या. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मला वाटतं, त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

मग पाळण्यावर आल्या. “माझी पाच, सासूबाईंची सहा, सगळी ह्यातच वाढली. कुणाला काय झालं?” ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिसं पोटात गेल्यावर मूल रडत नाही, ताप येत नाही, अंगावर काही उठत नाही. तेव्हा कोणी बघितलं नाही, आता बघता येणार नाही. मी एवढंच म्हणाले, “आजी, दात यायला लागले की ते हीच दांडी चावणार.” त्यावर त्यांनी मान हलवली. पाच मुलं वाढवलेल्या बाईला ते पटवावं लागत नाही.

कोंडी काकांनी फोडली. मिस्त्रींनी जिथं घासणं थांबवलं होतं, तिथं कडेला रंगाचे थर उघडे पडले होते, तिरक्या कापलेल्या वडीसारखे. काकांनी कपाटातून भिंग आणलं. प्रेसमधली सवय, भिंगाशिवाय ते वर्तमानपत्रही वाचत नाहीत. तोंडाला मास्क, हात मागे, वाकून बघत राहिले. “सहा,” ते म्हणाले. “तळाला शेंदरी. मग पोपटी, आकाशी, पिस्ता, परत हिरवा, वर क्रीम.”

आजी काचेआडून ऐकत होत्या. “शेंदरी ह्यांचा. पोपटी धाकट्या दिरांचा.” मग एकेक बोट दुमडत, “आकाशी थोरल्याचा. पिस्ता तुझा.”

“माझा पिस्ता?” काका साठीच्या पुढचे, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“हिरवा धाकट्याचा. क्रीम ह्याचा,” म्हणजे होणाऱ्या बाबाचा. घरात मूल आलं की पाळण्याला नवा हात द्यायचा, अशी पद्धत.

सून आतूनच म्हणाली, “आजी, तुम्हाला पाच मुलं ना? मग तीनच रंग?”

“मुलींना तोच चालायचा,” आजी म्हणाल्या आणि पदर सारखा करत आत गेल्या.

आता तो रंग खरवडायचा नाही, हे माझं मी ठरवूनच टाकलं. रंग काढायचं केमिकल या घरात आणायचं नाही हे तर उघडच होतं. पाळणा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वर्कशॉपला नेला. सुटलेले पोपडे ओला वॉटर पेपर लावून बसवून घेतले, आणि सगळ्यावर, उघड्या थरांवरही, पारदर्शक पॉलिशचे तीन हात दिले. नाशिकच्या पावसात एकेक हात वाळायला दोन-दोन दिवस. त्यात बाळ रोज झोपणार नाही, हे सगळ्यांच्या समोर बोलून घेतलं. फक्त बारशाला, नव्या कापडाची झोळी आत घालून, तेवढ्यापुरतं. एरवी तो उंच टांगलेला राहील. तसंही दांड्यांमध्ये साडेतीन इंचांचं अंतर होतं. सहा सेंटिमीटरच्या वर गेलं की मुलाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. रोजच्या झोपेसाठी मिस्त्रींनी साधी सागाची कॉट केली, साडेपाच सेंटिमीटरवर दांड्या, बाजू न सरकणाऱ्या, गादी सपाट आणि कडक.

गोधडीवर पुन्हा थोडं वाजलं. आजींनी सासूबाईंच्या नऊवारीचे पाच पदर जुळवून धावदोरा घातला होता, कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन मध्यापर्यंत. हात थरथरतो, म्हणून मधले चौकोन जरा वाकडे झालेत, आणि मला ते सरळ चौकोनांपेक्षा आवडतात. पण डॉक्टरांनी सुनेला सांगितलं होतं, बाळ झोपेल तिथं उशी, गोधडी, खेळणं, काही ठेवायचं नाही, बाळ पाठीवर निजवायचं. मोहरीची उशीसुद्धा नाही. “मग गोधडी काय भिंतीला लावू?” आजींनी विचारलं. जमिनीवर अंथरायची ठरली, बाळ जागं असताना, कोणीतरी शेजारी असताना.

चिमणाळ्याचे मणी काढले, मोठे पोपट ठेवले. विहीणबाईंना फोन करून आधी विचारलं, त्या म्हणाल्या, “काढा हो, मणी नंतर बांगडीला लावीन.” हूक स्लॅबला मारायचा होता. वाड्यात कडीला तुळई असते, फ्लॅटमध्ये स्लॅबच्या पोटातून वायरींचे पाईप गेलेले असतात, आंधळेपणानं ड्रिल मारून चालत नाही. नवजात बाळाला वीतभर-दीड वीत एवढंच नीट दिसतं, त्यामुळे इतक्या उंचावरचे पोपट त्याच्या काही दिवस उपयोगाचे नाहीत, हेही मी सांगून टाकलं. सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. बरोबरच आहे, पोपट आईसाठी असतात.

मला खरा छळ झाला तो मिस्त्रींमुळे. नऊ वर्षं ते माझ्याबरोबर आहेत. नऊ वर्षं रुमाल बांधून जुनी दारं, खिडक्या घासतात, आणि संध्याकाळी त्याच शर्टात घरी जाऊन चार वर्षांच्या मुलाला उचलतात. मी त्यांना कधी मास्क दिला नव्हता, कधी सांगितलं नव्हतं. आता दिलाय. कामाचा शर्ट वर्कशॉपवरच बदलतात, तोही मी दोनदा आठवण केल्यावर. रक्ताची तपासणी करून घ्या, पैसे मी देते, म्हणून मागं लागले. “बघू म्याडम, दिवाळीनंतर.” अजून गेलेले नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी मुलगी झाली. पाचवीच्या दिवशी काकांचा फोन आला. “आई विचारतेय, रंग घेऊन येता का. शिसं नसलेला.”

मी म्हटलं, आता वरून रंग दिला तर खालचे सहा थर झाकले जातील.

“तेच मी म्हणालो. म्हणाली, खालच्या बाजूला दे, पण दे.”

मी पिवळ्याचा छोटा डबा नेला, पाण्याचा. सून आतल्या खोलीत झोपली होती. आजी खुर्चीवर बसून बघत होत्या. पाळण्याच्या तळाला, उघड्या थरांच्या शेजारी, काकांनी टेप लावून अर्ध्या इंचाची पट्टी ओढली. ती वाळेपर्यंत चहा झाला. मग टेप काढली, भिंग काढलं आणि वाकून बराच वेळ बघितलं.

“डावीकडे अर्धा मिलिमीटर बाहेर गेलाय,” ते म्हणाले.

“राहू दे,” आजी म्हणाल्या.