केडंप चालत नाही? क्रॅशकर्नलचा आकडा वाढवायच्या आधी हे बघा

केडंप म्हणजे लिनक्स कर्नल कोसळला (पॅनिक झाला) की त्या क्षणाची मेमरी, म्हणजे डंप, जपून ठेवणारी सोय. तो डंप येत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, क्रॅशकर्नल=१२८एम करा, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेली रॅम वाढवा. सर्व्हरवर चालतं हो, पण २५६ एमबी रॅमच्या बोर्डावर ६४ दिली तरी पाव रॅम कायमची बाजूला पडते, तीही क्वचित येणाऱ्या पॅनिकसाठी. म्हणून आधी ती ६४ खातंय कोण ते बघा.

पॅनिकनंतर उठणाऱ्या दुसऱ्या कर्नलला तेवढीच राखीव जागा मिळते, बाकीची रॅम त्याला व्हीएमकोअर या फाइलमधून नुसती वाचता येते. कर्नल, ड्रायव्हर, इनिटरॅमएफएस (बूट होताना रॅममध्ये उघडली जाणारी छोटी फाइलसिस्टम), डंप घेणारं टूल सगळं त्यातच बसवायचं. माझ्या मते खरा खादाड बहुतेक वेळा इनिटरॅमएफएसच असतो. समजा फाइल १२ एमबीची आणि उघडल्यावर ३५ एमबी, तर उघडून होईपर्यंत दोन्ही एकाच वेळी मेमरीत असतात म्हणजे ४७ तिथेच गेले, मग सिरियल कन्सोलवर अनपॅकिंग फेल्ड तरी दिसतं नाहीतर ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) तरी येतो. बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडचा छोटा संच), स्टोरेजचा ड्रायव्हर आणि मेकडंपफाइल (डंप गाळून लिहिणारं टूल) एवढंच ठेवा, आणि इनिट स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत मेमइन्फो (मेमरीचा हिशोब) छापून घ्या, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे कमांडलाइन, बूट होताना कर्नलला दिलेले पॅरामीटर. क्रॅश कर्नल लोड करताना रीयूज-कमांडलाइन वापरलं की मेन कर्नलचे जवळजवळ सगळे पॅरामीटर जसेच्या तसे इकडे येतात, त्यात सीएमए=३२एम (डिव्हाइससाठी सलग मेमरी राखणं) असेल तर निम्मी जागा कर्नलच्या स्वतःच्या कामाला मिळतच नाही, ह्यूजपेजेस (आधीच अडवून ठेवलेली मोठी पेजेस) असतील तर अजूनच वाईट. त्यापेक्षा अपेंडने हातानेच लिहा, एनआर_सीपीयूज=१ आणि रीसेट_डिव्हायसेस टाका, आणि डिस्प्ले, वायफाय, जीपीयू बंद केलेला वेगळा डीटीबी (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल) द्या.

आणि कृपा करून व्हीएमकोअर टेम्पमध्ये कॉपी करू नका, टेम्प इथे रॅममध्येच असतो!! मेकडंपफाइलला डी ३१ देऊन थेट ईएमएमसीवर (बोर्डावरच्या फ्लॅश स्टोरेजवर) लिहा, झिरो, कॅश, युजर आणि फ्री पेजेस गाळली जातात.

एवढं करून सिसआरक्यू सी ने मुद्दाम पॅनिक करून बघा. जागा उरतेय असं दिसलं तर केएक्झेक_क्रॅश_साइझ या फाइलमध्ये लहान आकडा लिहून ती परत घेता येते, फक्त क्रॅश कर्नल लोड करायच्या आधी लिहायचा, लोड झाल्यावर एरर येतो.