आईचं गॅदरिंग

आमच्या महिला मंडळाच्या बालवाडीचं गॅदरिंग दरवर्षी ३ जानेवारीला असायचं, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आणि ही तारीख आईनं ठरवलेली. मंडळातल्या काहीजणी म्हणायच्या २६ जानेवारीला घेऊ, झेंडावंदनाला लोक येतातच, मांडव पण असतो. पण आई हटली नाही. जिच्यामुळं आपण चारचौघांत उभं राहून बोलतो तिच्या वाढदिवसाला आपली पोरं स्टेजवर पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं, आणि मग तीच तारीख कायमची झाली.

गाव साखर कारखान्याजवळचं. दिवाळी झाली की गाळप सुरू व्हायचं, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आणि माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडायच्या. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत दम नाही. पहाटे अंधारातच उसाचा फड गाठायचा, पोरं एकतर तिथंच पाचटावर झोपवलेली नाहीतर कोपीवर धाकट्याला सांभाळत बसलेली. दिवाळी सरली की आई वही घेऊन कोप्या फिरायची, नावं लिहून घ्यायची, वय विचारलं की बाया सांगायच्या पोळ्याला झालं, नाहीतर दुष्काळाच्या वर्षी झालं, त्यावरून ती अंदाज बांधायची. पोरी यायच्या नाहीत कारण कडेवर भाऊ असायचा. आई म्हणायची त्याला पण घेऊन ये. बालवाडीच्या एका कोपऱ्यात तिनं जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती, एका हातानं झोका द्यायचा आणि दुसऱ्या हातानं फळ्यावर चित्र काढायचं असं तिचं चालायचं.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांना ती फार मानायची. 1945 साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची, हे सगळं ती आम्हाला जेवताना सांगायची. विकतचं साहित्य नसलं तरी शंख, बिया, पानं यांनी शिकवता येतं हे तिनं त्यांच्याकडूनच उचललं. म्हणून आमच्या गॅदरिंगचं स्टेज चिंचोक्यांच्या माळांनी आणि उसाच्या तुऱ्यांनी सजलेलं असायचं, आणि खरं सांगते, इतकं सुंदर स्टेज मी नंतर मोठ्या शाळांतही बघितलं नाही.

डिसेंबर लागला की घरात चालायला जागा नसायची. शिवणमशीन, क्रेप कागद, खळीचं पातेलं, जुन्या साड्यांचे झगे. नियम एकच, बालवाडीतलं एकही पोर स्टेजबाहेर राहायचं नाही. एक मुलगा कुणाशी बोलायचाच नाही, त्याला आईनं घंटा दिली, प्रत्येक आयटमच्या आधी ती वाजवायची, आणि तो काय ऐटीत वाजवायचा! एका वर्षी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी भावाला खाली ठेवायलाच तयार नाही, ठेवला की तो रडायचा, गाणं सुरू व्हायची वेळ झाली, सगळ्या बाया गडबडल्या. आई म्हणाली असू दे, घेऊनच नाच. तर ती पोर कडेवर भाऊ घेऊन पूर्ण गाणंभर नाचली, एका हातानं त्याला धरलेलं, दुसऱ्या हातानं सगळ्या ॲक्शन बरोबर, आणि ते बारकं पण टाळ्या पिटत होतं. सगळा मांडव उभा राहिला होता.

कोप्यांवरच्या पोरांचा नाच आई मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवायची. त्यांच्या आया गाडी भरून झाल्याशिवाय येऊ शकायच्या नाहीत, कधी आठ वाजायचे कधी साडेनऊ, आणि तोवर कार्यक्रम रेंगाळत ठेवायचा, मध्येच एखादीला गाणं म्हणायला लावायचं, बक्षिसं हळूहळू वाटायची. त्या बाया यायच्या ते डोक्याचं फडकं तसंच, हाताला उसाचं कूस लागलेलं, आणि लांब अंधारात उभ्या राहायच्या. आई माईकवरून त्यांना पुढं बोलवायची, सगळ्यांसाठी जाजमच अंथरलेलं असायचं, खुर्ची कुणालाच नाही. एकदा एक पुढारी यावरून रुसून निघून गेले, देणगी पण गेली. आईला त्याचं काही वाटलं नाही. 1852 साली सावित्रीबाईंनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ केला तेव्हा सगळ्या जातीच्या बायकांना एकाच जाजमावर बसवलं होतं, आपण आता मागं कसं जायचं, असं ती म्हणाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बायकांनाही तिनं पहिल्यापासून मानानं बोलावलं ते याच हिशोबानं, आणि वाण म्हणून वाटी-डबी न देता पाटी किंवा अंकलिपी द्यायची.

माझ्या मते गॅदरिंग हे तिचं खरं काम करायचं निमित्त होतं. पालकांची मीटिंग लावली तर कुणी यायचं नाही, पण पोरगी नाचणार म्हटल्यावर तिची आई येतेच. मग त्याच रात्री ती एकेकीला गाठून सांगायची, हंगाम संपून गावी गेल्यावर हिला शाळेत बसवा, आणि पोरगं किती दिवस आलं, काय काय येतं, हे कागदावर लिहून खाली सही करून द्यायची. आता सरकारचं शिक्षण हमी कार्ड आहे स्थलांतरित मुलांसाठी. आईचे कागद त्याच्या कितीतरी आधीचे, वहीची पानं फाडून लिहिलेले. ती गेल्यावर भेटायला आलेल्या एका बाईनं पिशवीतून असाच एक कागद काढून दाखवला, घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावून जपलेला. तिची मुलगी आता नर्स आहे.

मंडळ आता धाकट्या बायका चालवतात आणि छान चालवतात, चिंचोक्यांच्या माळा अजून आहेत, झोळीच्या जागी पाळणा आलाय. यंदाही ३ जानेवारीलाच आहे, संध्याकाळी सहाला सुरू. जुने झगे, साड्या असतील तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणून द्या, शिवायला वेळ लागतो. आणि कोप्यांवरच्या पोरांचा नाच शेवटीच असणार, उशीर झाला तरी बसा, त्यांच्या आया येईपर्यंत तो सुरू होत नाही.