रेडिओ शाबूत, केंद्र बंद

बटणांच्या फोनवर वेबपान वाचणं म्हणजे दाराच्या फटीतून नाटक बघणं होतं. बोलणारा दिसायचा, पण तो कुणाशी बोलतोय ते नाही. बहुतेक ब्राउझरांनी यावर एक सोपा तोडगा काढला होता. पानावरचं सगळं सामान उचलायचं आणि एका उभ्या रांगेत लावून टाकायचं. वाचता यायचं खरं, पण पानाचा चेहराच हरवायचा.

२००९ साली बोल्ट नावाचा मोबाइल ब्राउझर आला. तो पान संगणकावर दिसतं तसंच दाखवायचा आणि हवं तर पडद्याचे दोन भाग करायचा: एकात अख्खं पान मुंगीएवढं, दुसऱ्यात त्यातलाच तुकडा भिंगाखाली धरल्यासारखा. आपण पानात कुठे उभे आहोत हे कळायचं. एवढ्याशा पडद्याचे आणखी दोन तुकडे करायचे, हा विचार ज्याला सुचला त्याच्या धाडसाचं मला आजही कौतुक वाटतं.

बोल्ट बनवणारी बिटस्ट्रीम ही मुळात फाँटवाली कंपनी. चार्टर, व्हेरा हे फाँट तिचेच. त्यामुळे बारीक अक्षरही डोळ्यांना लागू नये याची काळजी तिथे घेतली गेली असावी, असा माझा आपला समज.

ही सगळी हुशारी फोनची नव्हतीच म्हणा. साध्या जावा फोनच्या अंगात एवढं बळ कुठलं? पान आधी दूरच्या सर्व्हरवर जायचं, तिथे वेबकिट इंजिन ते मांडायचं आणि दाबून-चेपून हलकं केलेलं गाठोडं आपल्या हाती यायचं. ऑपेरा मिनी या दुसऱ्या ब्राउझरचीही रीत हीच, फक्त इंजिन निराळं. शिवाय बोल्टवर व्हिडिओसुद्धा चालायचा. चालायचा म्हणजे रांगायचा, पण त्या फोनांवर तेही अप्रूपच.

डिसेंबर २०११ मध्ये बोल्टची सेवा बंद झाली. एरवी एखादा प्रोग्रॅम बंद पडला, तरी आपल्याकडची जुनी प्रत कुरकुरत का होईना, पुढे चालते. इथे तशी सोय नव्हती. पान मांडणाराच दूर होता, आणि तोच उठून गेला. फोनमधला बोल्ट तसाच राहिला, केंद्र बंद पडल्यावर रेडिओ राहतो तसा.

मी तो लगेच काढला नाही. काही दिवस सवयीने त्याच्याच चिन्हावर जायचो, बटण दाबायचो आणि मग आठवायचं.