सांध्यात अडकलेला खडा

सिमेंट रस्त्याच्या दोन स्लॅबमधला सांधा कशाने फुटतो असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: जड ट्रक. ट्रकचा हात असतोच, पण बऱ्याचदा सुरुवात एका बारीक खड्यापासून होते.

काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१ मिमी लांबतं. नागपूरच्या जानेवारीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ४.५ मीटरचा स्लॅब ४० अंशांनी तापला, तर तो जेमतेम १.८ मिमी वाढतो. किरकोळच वाटतं. पण थंडीत स्लॅब आखडतो, सांधा उघडतो आणि सांधा बंद ठेवणारं लवचिक सील फाटलेलं असेल तर वाळू-खडी आत उतरते. उन्हाळ्यात स्लॅबला ती जागा परत हवी असते, खडा ती सोडत नाही. सगळा दाब त्या एका ठिकाणी येतो आणि कडेचे टवके उडतात. पुढच्या थंडीत आणखी कचरा. सांधे असे एकामागून एक भरत गेले, की एखाद्या रणरणत्या दुपारी शेजारचे दोन स्लॅब एकमेकांना रेटून तंबूसारखे वर उठू शकतात.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या गोठलेल्या जमिनीत हेच घडतं, फक्त खड्याच्या जागी बर्फ असतो. कडाक्याच्या थंडीत जमीन आखडते, काही मिमी रुंद पण कित्येक मीटर खोल भेग पडते. वसंतात वितळलेलं पाणी तिच्यात उतरून खालच्या कायम गोठलेल्या थरात गोठतं. उन्हाळ्यात जमीन पसरू लागली की ही बर्फाची शीर आड येते आणि माती दोन्ही बाजूंना वर ढकलली जाते. पुढची भेग बहुधा त्याच शिरेत पडते. शतकानुशतकं असं चालून मीटरभर रुंद पाचरी तयार होतात, आणि विमानातून जमीन बहुकोनी चौकटींची दिसते. अमेरिकी भूवैज्ञानिक अर्नेस्ट लेफिंगवेल यांनी १९१५ मध्ये हा उलगडा केला.

रस्त्यावर मात्र ही पाचर रोखता येते. जुनं सील काढून सांध्याच्या खाचेच्या दोन्ही भिंती सँडब्लास्ट करा, म्हणजे वाळूचा मारा करून स्वच्छ करा, कॉम्प्रेसरने धूळ उडवा, खाच पूर्ण कोरडी हवी. १० मिमी खाचेत १२-१३ मिमीचा बॅकर रॉड, म्हणजे फोमची लवचिक दोरी, दाबून बसवा आणि त्यावर सिलिकॉन सीलंट भरा. तो गाळलात तर सीलंट तळालाही चिकटतं, तीन बाजूंनी ओढलं जातं आणि पहिल्याच हिवाळ्यात फाटतं. सिलिकॉनची जाडी रुंदीच्या निम्म्याच्या आसपास ठेवा, जाड थर ताणला जात नाही. वरची पातळी रस्त्यापेक्षा ३ मिमी खाली हवी, नाहीतर उन्हाळ्यात फुगून वर आलेलं सीलंट टायर उपटून नेतात.

एक चूक मात्र सीलने झाकली जात नाही: तिरके बसलेले डॉवेल बार, म्हणजे शेजारच्या दोन स्लॅबना सांध्यातून जोडणाऱ्या लोखंडी सळ्या. ते सांधा जखडून टाकतात, मग त्याच्या वाट्याची हालचाल शेजारच्या सांध्यावर येते. एकच सांधा वारंवार फाटत असेल तर आधी त्याचे शेजारी तपासा.

सीलची पाहणी जानेवारीत, उजाडल्याबरोबर करा. फाटलेलं सीलही मेमध्ये दाबलं जाऊन धड दिसतं.