चौथा रकाना

सकाळी साडेआठला कुणी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा घेऊन पाळकाच्या दारात उभं राहिलं, की ओळखावं, काम सोपं नाही. सोलापुरात एका ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, पाळकपण बावीस वर्षं करतोय, एवढं आता कळतं. साध्या कामाला माणूस नुसता फोन करतो.

आलेले गृहस्थ आमच्या मंडळीतले पंच, कारभार बघणाऱ्यांपैकी एक. रिक्षा चालवतात. रविवारी अर्पणाची थैली तेच फिरवतात आणि मोजताना रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. "बसा की" म्हटलं तरी बसेनात. शेवटी टेबलाच्या कडेला हात टेकून म्हणाले, "पाळकसाहेब, आमच्या आण्णांचं नाव आपल्या जुन्या वहीत असेल का?"

आण्णा म्हणजे त्यांचे वडील. गिरणीत होते. प्रभूत झोपी गेले त्याला बरीच वर्षं झाली.

"असेल. का हो?"

"पोरीला पडताळणी लागलीय."

थोरली मुलगी. बी.एस्सी. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, अनुसूचित जातीच्या जागेवर. जातीचा दाखला हातात होता, पण जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर प्रवेश जाणार. आणि वैधतेला पुरावा लागतो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागितली तर पानं जीर्ण झाल्यानं देता येत नाही असं लेखी उत्तर आलं. आण्णा शाळेची पायरी चढले नव्हते, त्यामुळे जनरल रजिस्टरच्या उताऱ्याचा प्रश्नच नव्हता. राहिली आमची वही, मंडळीतल्या बाप्तिस्म्यांची जुनी नोंदवही.

आमच्याबाहेरच्या वाचकाला इथं थोडं सांगायला हवं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले गेले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. आदिवासींना ही धर्माची अट नाही, फक्त अनुसूचित जातींना आहे. म्हणजे मांगवाड्यातल्या माणसाचा बाप्तिस्मा झाला, की कायद्याच्या लेखी त्याची अस्पृश्यता त्याच पाण्यात धुऊन निघाली. गावाच्या लेखी काही निघाली नाही. खरं सांगायचं तर मंडळीच्या लेखीही पुरती निघाली नाही. आमच्यातल्या सोयरिकी कशा जुळतात ते मला माहीत आहे. या अटीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. माझ्या मते ही अट अन्यायाची आहे, आणि हे मी व्यासपीठावरूनही बोलतो.

पण लोक निकालाची वाट बघत बसले नाहीत. रविवारी एक नाव, शाळेत दुसरं. भिंतीवर येशूची तसबीर, पेटीतल्या दाखल्यावर 'हिंदू'. आमच्याकडे याला कुणी खोटं म्हणत नाही. 'कागदापुरतं' म्हणतात. असा एखादा शब्द सापडला की माणसाला झोप चांगली लागते.

नोव्हेंबर २०२४ नंतर मात्र ती झोप उडाली होती. पुद्दुचेरीच्या एका बाईनं नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. तिचा बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं-येणं चालू. सर्वोच्च न्यायालयानं तिचं म्हणणं फेटाळलं आणि नुसत्या आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं सांगणं हा संविधानाशी केलेला कपटाचार आहे, अशा अर्थाचे शब्द वापरले. ती बातमी आमच्या वस्तीत किती घरांत कापून ठेवली असेल ते देवालाच ठाऊक.

"कलेक्टर कचेरीबाहेर एक एजंट भेटला," पंच सांगू लागले. "म्हणाला, परत हिंदू झाल्याचा कागद करून देतो, जातीच्या लोकांनी घेतलं म्हणून चार सह्या आणतो. मी म्हणलो, बाबा, मेलो तरी ते करणार न्हाई. प्रभूला नाकारून पोरीला कुठं नेऊन बसवू?"

हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला, आणि मलाही बरं वाटलं. पुढं काय येतंय याची तोवर कल्पना नव्हती.

वही कपाटात खाली असते. कापडी पुठ्ठ्याची, पाटाएवढी रुंद, आत कडुलिंबाची पानं घातलेली. त्यांचा आता चुरा झालाय. शाई तांबूस पडलीय, पण अक्षर मोत्यासारखं. रकाने असे: क्रमांक, नाव, बापाचे नाव, पूर्वीची जात, गाव, धंदा, बाप्तिस्म्याची तारीख, पाळकाची सही. हा चौथा रकाना मला पहिल्यापासून खुपतो. 'यहूदी नाही, हेल्लेणी नाही', ख्रिस्तात सगळे एक, असं शिकवायचं आणि वेदीजवळ आलेल्या माणसाला आधी जात विचारायची!

सन १९४१ च्या पानावर आण्णा सापडले. वय वर्षे नऊ. वर आईबाप, खाली धाकटी बहीण, चौघांचा एकाच दिवशी बाप्तिस्मा. चौथ्या रकान्यात चौघांपुढे 'मांग', धंद्याच्या रकान्यात बापापुढे 'दोर वळणे'. त्या एका ओळीत सगळं होतं. १९५० च्या आधीचं वर्ष होतं, जात होती, गाव होतं. आणि ज्यानं हे सगळं फुकट जाणार, ती बाप्तिस्म्याची तारीखही तिथंच होती, चार बोटांवर.

पंचांनी खिशातून एक घडी घातलेला कोरा कागद काढला. ओळीवर ठेवला, सरकवत सरकवत त्याची कड बरोबर 'धंदा'च्या रेघेला लावली. डावीकडचं सगळं दिसत होतं. उजवीकडचं झाकलं गेलं.

"एवढ्याचीच झेरॉक्स द्या. आणि लेटरहेडवर दोन ओळी. आमच्या जुन्या नोंदीप्रमाणे अमक्याची जात मांग, सन १९४१. बास. यात खोटं काय हाय सांगा? एक अक्षर तरी खोटं हाय का?"

नव्हतं. एक अक्षरही खोटं नव्हतं. मी त्या कोऱ्या कागदाकडे बघत बसलो. मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. पहिली ही, की करून टाकावं. कायदा अन्यायाचा आहे, पोरगी हुशार आहे, आई विड्या वळून शिकवतेय, आणि माझं जातंय काय, दोन ओळी. दुसरी, अब्राहाम. मिसरात गेल्यावर त्यानं सारेला सांगितलं, तू माझी बहीण आहेस असं सांग. पुढं अबीमलेख राजापुढं सापडला तेव्हा त्यानं खुलासा केला, ती खरोखरच माझी बहीण आहे, माझ्या बापाची मुलगी, आईची नव्हे. म्हणजे तोही अक्षरानं खरंच बोलला होता. फक्त 'बायको' हा रकाना झाकून. दोनच महिन्यांपूर्वी मी यावर संदेश दिला होता. हे पंच पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होते. मीही माझ्यावर खूश होतो. संदेश देणं फार सोपं असतं हो.

"पूर्ण ओळीची देतो," मी म्हणालो. "पत्रही देतो. सगळे रकाने लिहून."

"म्हणजे न देण्यातच जमा."

"कागदावर माझी सही असेल. पडताळणी समितीनं उद्या मला विचारलं, हे लोक ख्रिस्ती आहेत का, तर काय सांगू?"

"तुम्हाला कोण विचारतंय?" ते म्हणाले, आणि मग हळूच, "आत्ता मी विचारतोय. माझ्या लेकराचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओपनमधून बघू, फीसाठी मंडळीत काही जमवू, असलं काहीबाही बोललो. ते निघून गेले. कोरा कागद वहीतच राहिला, डबाही टेबलावर.

दुपार इतर कामांत गेली. एक आजारी भेट, विजापूर रोडला एका घराचं समर्पण. प्रार्थना तोंडपाठ असल्यानं पार पडली.

संध्याकाळी बायकोनं डबा धुऊन त्यात गूळ-दाणे भरले. रिकामा डबा परत देऊ नये. मी तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि मापानं कापलेली पानं. बोटं आपोआप चालतात त्यांची. पान, चिमूट, वळण, दोरा, आणि तोंड मिटवायला नखाची एक दाब. मी आलो तरी थांबल्या नाहीत. हजाराचा हिशेब असतो. पंच घरात नव्हते, किंवा आतल्या खोलीत होते. मुलगी मोबाईलवर याद्या बघत होती. गेल्याच वर्षी मी तिचं दृढीकरण केलं होतं, म्हणजे तिनं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला होता.

"पप्पांनी सांगितलं," ती म्हणाली. रागावलेली वाटली नाही. "एक विचारू का, अंकल? तुमच्या दाखल्यावर काय आहे?"

वहिनींची बोटं थांबली.

मी पन्नाशी ओलांडलीय. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू मांग' आहे. वडील मंडळीचे सभासद होते, माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे विचारलं आणि वडिलांनी जे सांगितलं, ते तसंच चाललं. अकरावीपासून बी.ए.पर्यंत मी शिष्यवृत्ती घेतली, फीमाफी घेतली. मग पाळक होण्यासाठी सेमिनरीला अर्ज करताना बाप्तिस्म्याचा दाखला लावला. दोन्ही कागद एकाच फायलीत आहेत, एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाठीला पाठ लावून.

मी तिला हे सांगितलं. जसं होतं तसं.

"मंडळीला माहीत आहे?"

"नाही."

"मग सकाळी पप्पांना हे का नाही सांगितलं?"

मी गप्प बसलो. आतल्या खोलीत खाट करकरली, म्हणजे पंच घरातच होते.

आम्ही दर वर्षी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंचीही सांगतो. त्यांनी किंमत मोजली, प्रश्नच नाही. पण 'सत्याला धरून राहा' म्हणताना मी नेहमी त्यांच्याच गोष्टी सांगत आलो. त्यांची किंमत त्यांनी मोजून झालेली आहे. आमच्याकडची किंमत म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या पोरीची जागा. ती आत्ता, या आठवड्यात मोजायची आहे, आणि मोजायला सांगणारा मात्र स्वतःची सवलत केव्हाच घेऊन बसलेला.

"लेकरा, पाळकांना पाणी तरी दे," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा पान उचललं.

मुलीनं पाणी दिलं. मग म्हणाली, "पूर्ण पानाची झेरॉक्स द्या मला. लावायची का नाही ते मी ठरवते. ओपनला मी किती मार्कांनी मागं आहे ते बघितलंय, पुढच्या राउंडला लागेलही, नाही बी लागणार. पण अर्धं पान नको. समितीच्या दक्षता पथकाची माणसं चौकशीला घरी आली आणि शेजाऱ्यांना विचारलं तर आज्जीला बोलावं लागेल. तिला खोटं बोलता येत नाही. तिचा बीपी वाढतो."

प्रार्थना करून निघतो म्हणालो. ती करताना शब्द सापडेनात. दारात पंच आले, चपला घालत असताना त्यांनी रिक्षाची किल्ली उचलली. "सोडतो," एवढंच म्हणाले. वाटेत अशोक चौकापर्यंत कुणीच बोललो नाही. उतरताना मी पैसे काढले तर हात आडवा केला.

पंचांच्या बैठकीत मी माझा दाखला टेबलावर ठेवला ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. नऊ जण होतो. कुणी हातही लावला नाही. एकानं विषय छपराच्या पत्र्यांवर नेला आणि बाकीचे सुटल्यासारखे पत्र्यांवर बोलू लागले. त्या आठवड्यात दोघे जण एकेकटे घरी आले, अंधार पडल्यावर, आपापल्या दाखल्याबद्दल बोलायला. राजपत्रात धर्माची नोंद बदलून घेता येते, त्याचा अर्ज मी आणून ठेवलाय. बायको म्हणते आता या वयात कशाला. शिष्यवृत्तीचे पैसे परत करायचे असतील तर कुणाला आणि कसे, हे मला अजून उमगलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही जुन्या चादरीत गुंडाळून झेरॉक्सच्या दुकानात नेली. पोरानं ती काचेवर आडवी ठेवून पाहिली, उभी ठेवून पाहिली. वही काचेच्या बाहेर जात होती.

"साहेब, ह्या बाजूचं जरा कटणार. ही तारीख आणि सही. चालतंय ना? बाकी सगळं क्लिअर येतंय."

"नाही चालणार," मी म्हणालो.

"मग ए-थ्री लागेल. आमच्याकडं न्हाई. कोर्टासमोर बघा."

वही पुन्हा चादरीत बांधली आणि कोर्टाकडे चालू लागलो.